हरणाचं शेपूट आणि न्हाणीघरातलं पायपुसणं

तालासच्या माझ्या थोरल्या तुर्सुनाय ताईस, नारिनहून धाकट्या शारपाचा वाकून सलाम. गुडघे कसे आहेत? गाय व्याली का? भावजींचा खोकला थांबला असेल तर उत्तम, नसेल तर त्यांची सिगारेट थांबव. अक्षराला हसू नकोस. चार बुकं शिकले, त्यातली तीन विसरले.

इकडे सगळं छान. म्हणजे आता छान. मधलं विचारू नकोस (नाही विचारलंस तरी सांगते). आमच्या लेकाने, एर्मेकने, घरातच न्हाणीघर बांधलं, गुळगुळीत फरशीचं. पहिल्याच अंघोळीला आमचे म्हातारबुवा दारापर्यंत आले ते पायांवर नाही, कशावर ते तुझं तू समज. त्यातून सून मीरगुलची आई, आमच्या विहीणबाई, पहिल्यांदाच जलालाबादहून राहायला यायच्या होत्या. त्या आपटल्या तर? म्हटलं, जुन्या टॉवेलांचं पायपुसणं करू. आपल्याकडे टॉवेलांना काय तोटा! लग्नात टॉवेल, मयतीत टॉवेल. बरे असतील ते पेटीत ठेवून पुढे कुणाला तरी द्यायचे, विरलेले आपल्या अंगाला.

पण नुसत्या चिंध्या जोडायच्या तर आईने आपल्याला लोकरीच्या नमद्याचे शिर्डाक करायला कशाला शिकवलं? दोन रंगांचे नमदे एकावर एक, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी दोन्हींतून एकदम कापायची, ह्याची शिंगं त्यात, त्याची ह्यात, एकाच मेहनतीत दोन जाजमं! टॉवेलांचं तसंच केलं. वर माझा विरलेला पांढरा, खाली हाताला लागला तो लाल. डोळे वरच्या नक्षीवर, खालचा कोण बघतो? धागे असे उडाले की मांजर शिंकत अंगणात गेलं. कापून झाल्यावर पांढरा उचलला, तर खालून एक हरण माझ्याकडे बघतंय. नुसतं डोकं. बाकीचं हरण दुसऱ्या तुकड्यात.

ताई, तो विहीणबाईंनी लग्नात दिलेला टॉवेल! आईला दिसावा म्हणून मीरगुलने मुद्दाम पेटीतून काढून उन्हात घातलेला, आणि मी वाळलेल्या ढिगासकट उचलून आणला. सून मटकन खालीच बसली. "आई, माझ्या माहेरचा मान पायाखाली घालणार तुम्ही?" पोरीचे डोळे भरले गं. त्यात म्हातारबुवा म्हणतात, "शिंगं मेंढ्याची काढलीस, मग मुंडकं हरणाचं का उडवलंस?"

साधा टॉवेल असता तर पुन्हा जोडला असता, हरण कसं जोडू? डोकं अस्तरात दडपलं, दोन्ही पुसणी शिवली, एक न्हाणीघरात घातलं, एक पेटीत लपवलं. विहीणबाई आल्या, चहा झाला, बोरसोक तळले होते ते खाल्ले, आणि न्हाणीघरात गेल्या. बराच वेळ पाण्याचा आवाज नाही. मीरगुल पांढरीफटक. मग बाई अनवाणीच बाहेर आल्या, पुसणं छातीशी धरून.

"विहीणबाई, असल्या शिंगांवर ओले पाय ठेवायचे? काही लाज?" म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने ते मानाच्या जागी अंथरून त्यावर ऐसपैस बसल्या. म्हणजे स्वतःच्याच हरणावर! मीरगुल मला चिमटे काढतेय, मला हसू आवरेना. आनंदाच्या भरात दुसरंही पेटीतून काढून त्यांना भेट दिलं.

निघताना गाडीशी त्यांनी एक कोरा टॉवेल माझ्या हातात कोंबला आणि कानात म्हणाल्या, "हा खुशाल कापा. ते हरण मला कधीच आवडलं नव्हतं."

"तुम्ही ओळखलंत?"

"अहो, कडेला शेपूट राहिलंय!"

दोघी इतक्या हसलो की गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. मीरगुल तर आईच्या आणि माझ्या मध्ये उभी राहून एका डोळ्याने रडत होती, दुसऱ्याने हसत होती.

भावजींना सलाम, गायीला माझ्याकडून मूठभर मीठ.

तुझी शारपा

ता. क. न्हाणीघराची फरशी अजून उघडीच. मानाच्या जागेवरचं पुसणं कोणी काढू देत नाही, आणि म्हातारबुवा काल पुन्हा घसरले. तेव्हा जुने टॉवेल पाठव. तुझ्या लेकीच्या लग्नात मी दिलेली निळी जोडीही चालेल, अजून बांधलेलीच असेल, मला ठाऊक आहे.

आणखी ता. क. विहीणबाईंना फोनवर विचारलं, हरण तुमच्याकडे आलं कुठून. म्हणाल्या, साखरपुड्याला तालासच्या तुर्सुनायबाईंनी दिलं. ताई, ते तुला मीच दिलं होतं ना गं? तरीच ते हरण ओळखीच्या नजरेने बघत होतं.