माझ्या तासाचे सहा गुण

प्रिय स्तोयान्का,
जर्मनीतल्या डॅन्यूबच्या काठावरून तुझ्या लाझारची मायेची आठवण.

सुखरूप पोहोचलो. गोळ्या वेळेवर घेतो. काठावर उभा राहिलो की वर्गात मुलांकडून घोकून घेतलेली नदीची कविता ओठांवर येते.

विद्यापीठात त्या युरोपीय नागरिकत्वाच्या संशोधनाचा तक्ता लावलाय. त्यांच्या प्रश्नावलीत आपल्या शाळेतल्या मुलांनी माझ्या युरोपवरच्या तासाला सहा गुण दिले होते. आपल्या बल्गेरियात सहा म्हणजे सर्वोत्तम, या जर्मनांकडे सहा म्हणजे नापास. म्हणून आपली मुलं युरोपला नाकारणारी ठरली आणि माझा तास बंद पडला.

हे संशोधन करणाऱ्या प्राध्यापक लिंडेमानने कॉफी पाजली. म्हणाला, "गुरुजी, चूक झाली खरी. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो. उद्या निष्कर्ष मांडायच्या सभेत मात्र विषय काढू नका."

मी म्हटलं, "मुलांची अब्रू चारचौघांत घेतलीत, चारचौघांतच परत करा. नाहीतर मी उठून बोलेन."

तू म्हणशील, "सोडून द्या हो आता." नाही सोडणार.

मिरच्या भाजून झाल्या का? तुझा गुडघा कसा आहे?

छातीत जरा धडधडतंय, पण उद्या पहिल्याच रांगेत बसणार. त्याचा चेहरा उतरताना मला जवळून बघायचाय.

तुझाच,
लाझार