झोपेतली हजेरी

जऊळका, २ फेब्रुवारी २०२५

चि. लिलास, देवमनदादाचा जयभीम व अ. आ.

डाव्या हातानं लिवून राह्यलो, अक्षराले हसू नको. उजवं अंग लकव्यानं नेलं, फोनवर तोंडातून नुसतं ब्याँ ब्याँ निघते. डॉक्टर म्हणे, मेंदू झोपेत सुधरते. रात्री अंधार करा, झोपू द्या, सकाळी उनात बसवा. तुही वहिनी हे ऐकून मान हालवते अन् रातभर मले हालवते! लकवा झोपेत आला न, म्हणून घंट्याघंट्याले लाईट लावून पाह्यते, बुढा हाये का गेला. मास्तरनं बी कधी इतकी हजेरी घेतली नोहती. महिना झाला, एक शब्द धड निघत नाही. असाच मुका मरतो का काय, याचं भेव वाटते.

लोभ हाये तो राहू दे. झोप नाही, ती धाड.

तुहा दादा, देवमन

आसेगाव, १० फेब्रुवारी

तीर्थरूप दादास, लिलाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

जल्मभर घोरून आमची झोप खाल्ली, आता तुले झोप पायजे! अन् रूपावहिनीले काहून बोलतं? लकवा आला त्या राती तू बोबडं बोलला, तिले वाटलं सपनात बडबडते, अन् ती कूस बदलून झोपली. तवापासून तिचा डोळा लागला नाही. मले रडत सांगितलं, तुले सांगत नाही. तुहं अंग गेलं बापा, डोळे तं शाबूत हायेत न?

इतवारी येतो. वहिनीले आठ दिवस माह्या सुनेपाशी धाडतो, तुह्यापाशी मी राह्यतो. मी काई उठवणार नाही, समजलं?

लोभाचं आल्यावर पाहू.

तुही, लिला

जऊळका, २१ फेब्रुवारी

सौ. रूपास, जयभीम.

तुह्या नणदेनं शब्द पाळला. माह्या आंधी तीच घोरते. तरी चार राती सलग झोपलो. सकाळी उनात बसतो. उजवा हात अजून लाकूडच हाये, चिमटा काढला तरी समजत नाही.

काल पहाटी आपसूक जाग आली. बाजूची तुही बाज रिकामी दिसली अन् तोंडातून साफ निघालं, रूपा. लिला रुसली, म्हणे राबते बहीण अन् पहिला शब्द बायकोचा. आता तू डोक्यावर बसशीन. बस.

त्या रातीचं लिलानं सांगितलं. वेडे, मलेच समजलं नाही, तुले काय समजन?

लवकर ये. लाईट लावू नको. लईच भेव वाटलं तं अंधारात माहा उजवा हात धरून पाह्य. गरम लागला का हजेरी लाव, अन् तू बी झोप.

तुहा, देवमन