डब्याशेजारचा विठू

मल्लेश्वरम, बेंगळूर
ता. ८ मार्च १९६२

चि. मथुरेस आप्पाचे आशीर्वाद. वि. वि. माझा खोकला आहेच. विठूचे बारसे झाले. तू, आत्याबाई, कोलारच्या दवाखान्यात रोग्यांत अडकलीस, म्हणून समोरच्या फुलवाल्या अंबुबाईनेच बाळाच्या कानात कुर्र केले. तुझा मान गेला, आता रुसू नकोस.

आपल्या समाजातले जयसिंगराव न बोलावता आले. ते हल्ली दुधाच्या भुकटीच्या कंपनीत आहेत. चांदीची वाटी आणि भुकटीचा डबा आहेर म्हणून आणला. आहेर घेऊन दारी आलेल्याला परत कसे पाठवायचे? मी कुंकू लावून विडा दिला. त्यांच्या माणसाने पाळण्याशेजारी डबा ठेवून फोटो काढला. चंपा म्हणाली, आधी वन्संना विचारा. मी सूनबाईला म्हटले, शुभ दिवशी स्वल्प गप्प बस.

विठूला आईचेच दूध पुरते, म्हणून डबा अंबुबाईच्या बाळंतीण लेकीला दिला. तू सरकारी कमिटीवर आहेस म्हणे. मोठ्या लोकांशी जपून बोल, मला झोप येत नाही.

आप्पा

कोलार
ता. २१ मार्च १९६२

ती. आप्पांस मथुरेचा सा. न. वि. वि. काल कमिटी बसली. सरकारी प्रसूतिगृहांत हे डबे फुकट वाटू नयेत, एवढेच माझे मागणे होते. फुकटच्या डब्याने आईचे दूध आटते. मग विकतचा परवडत नाही, म्हणून बाया तांदळाच्या धुवणासारखे पातळ करून पाजतात. तीच मुले डोळे खोल गेलेली माझ्याकडे येतात.

मी बोलत असताना कंपनीच्या साहेबांनी विठूचा फोटो टेबलावर ठेवला आणि विचारले, डॉक्टरबाईंच्या घरी चालते ते गरिबाला का नको? सगळे हसले. माझे म्हणणे बारगळले. उलट साहेबांनाच तज्ज्ञ म्हणून कमिटीवर घेतले.

तुमच्यावर राग नाही. दारी आलेला आहेर तुम्ही नाकारणार नाही, हे जयसिंगरावांना ठाऊक होते. पण अंबुबाईच्या लेकीला आजच थांबवा.

तुमची मथुरा

मल्लेश्वरम
ता. १४ एप्रिल १९६२

चि. मथुरेस आशीर्वाद. वि. वि. वाटी परत केली. जयसिंगराव रागावले नाहीत, कॉफी पाजली. त्याचाच जास्त त्रास झाला.

अंबुबाई ऐकेना. कोपऱ्यावरच्या दुकानात विठूच्या फोटोचे कॅलेंडर लागले आहे. ती म्हणाली, तुमचा नातू याच्यावर गुटगुटीत झाला आणि आम्हालाच नको म्हणता होय? शेवटी चंपा रोज जाऊन तिच्या लेकीजवळ बसू लागली, बाळाला अंगावर घ्यायला लावू लागली. आता स्वल्प स्वल्प दूध परत येते आहे.

दुकानदार कॅलेंडर काढत नाही. मी फार विनवून पाहिले. म्हणून रोज सकाळी विठूला खांद्यावर घेऊन त्या कॅलेंडरखाली उभा राहतो. बाया डबा मागायला आल्या की सांगतो, फोटोतला तो हाच, आईच्या दुधावर वाढलेला. काही ऐकतात. काही म्हणतात, म्हाताऱ्याला भ्रम झाला. सांगता सांगता मला खोकला येतो आणि बाई डबा घेऊन निघून जाते.

पोर दिवसेंदिवस जड होत चालले आहे. पावसाळ्यापर्यंत उचलवेल, पुढचे सांगवत नाही. तोवर तू कमिटीत तेच मागणे पुन्हा मांड.

प्रकृतीला जप. या म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

आप्पा