साहेब दोनदा मेले

दि. ४ ऑक्टोबर १९८४

तीर्थस्वरूप देवाजीमामास,
खुशालचा सविनय जयभीम. मामीचा गुडघा कसा आहे? तुमचा आवाज बसला म्हणे. बसू द्या, अजिबात बोलू नका (काऊन, ते शेवटी कळेल).

इथी सगळे बरे, मीच अर्धमेला. सातवीच्या इंग्रजीत 'ओव्हर' नावाचा एक शब्द आहे, मामा. वरून म्हंजे ओव्हर, पलीकडे म्हंजे ओव्हर, संपलं म्हंजे ओव्हर, अन् जास्त झालं तरी ओव्हरच! एवढी कामं तर आपल्या शाळेचा चपराशीही करत नाई. पोरं सकाळी घोकत, दुपारी विसरत. इकडे इन्स्पेक्शन तोंडावर. साहेबांच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम व्हायची, अन् ती झाल्याशिवाय चामोर्शीच्या अंजनाबाई मले पोरगी देत नाईत. मंग डोक्यात आलं, आपल्या झाडीपट्टीतल्या माणसाले नाटकातलं काही विसरत नाई. एकेका अर्थाचा एकेक प्रवेश बसवला.

साहेब आले. बशीरभाई टेलरची सलीमा उठली. बाकावरून उडी, म्हंजे 'वरून'. दुसऱ्या उडीत उंबरठ्याच्या 'पलीकडे'. मंग परत येऊन, राजा होऊन, 'संपलं' म्हणत छाती धरून कोसळली (दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेतल्या नाटकात तुम्ही राजा होऊन मरता ना, तश्शीच). खिडकीत अख्खं गाव जमलं होतं, त्यानं दिला वन्समोर! आता वन्समोर भेटल्यावर मरायचं नाई म्हंजे प्रेक्षकाचा अपमान. पोरगी उठली, पुन्हा मेली. पुन्हा वन्समोर. चौथ्यांदा मेली तेव्हा माझी नोकरी तिच्या बाजूले पडलेली मले साफ दिसून राह्यली होती. साहेब लालबुंद होऊन उठले. म्हणाले, "राजा असा मरतो काय? सरका!" अन् कोटासकट स्वतः मेले. वन्समोर! दुसऱ्यांदा तर मरता मरता घंटा झाली. 'जास्त' हा चौथा अर्थ मले शिकवावाच लागला नाई.

मामीले नमस्कार.
तुमचा भाचा,
खुशाल

ता. क. साहेब जवानीत नाटकात राजा होत. शेरा अजून लिहिला नाई. जाताना विचारलं, "तुमच्या मंडईत राजाचं काम कोण करते?" पंधरा वर्षांपासून आमचे मामा, हे सांगायले जीभच रेटली नाई. जागा खाली आहे म्हणालो. मामा, पाया पडतो, नाई म्हणू नका. साहेबांचं डोकं मोठं आहे, म्हणून बशीरभाईनं तुमचा मुकुट उसवूनही ठेवला.

ता. क. २. तुमच्यासाठी राजाच्या बापाचं काम ठेवलं आहे. पडदा उघडतो तेव्हाच तुम्ही मेलेले असता. आवाजाले पुरा आराम. फक्त कोणी वन्समोर दिला तरी, तुम्हाले माझी आण आहे, उठू नका.