टांग्यातली जिंजर

८ फेब्रुवारी १९७२

बदललीय! चव बदललीय म्हणजे बदललीच आहे. कोणी काही म्हणो.

बऱ्याच दिवसांनी आज घरात जिंजरची बाटली उघडली. शामकांतनी आणली. (तोंडाने नाव घ्यायची सोय नाही, निदान वहीत तरी घेते. पण अहो-जाहो इथेही सुटत नाही, काय करणार!) मामंजी म्हणाले, "छान." शामकांत तर आपल्याच मालावर खूश. मी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. ही ती नव्हे. गोड आहे, आल्याचा वास आहे, वर गॅस फसफसतोय — पण तो झणका कुठे गेला? पूर्वी घोट घेतला की नाकातून थेट टाळूला जायचा, डोळ्यांत पाणी यायचं. ही म्हणजे सर्दीवरचा काढा, साखर जास्त झालेला.

मी भिंगारची. अण्णा लष्कराच्या ऑफिसात कारकून. पगाराच्या दिवशी घरी एक जिंजर यायची आणि आम्ही भावंडं भांडून भांडून प्यायचो. याच, सासरच्या कारखान्याची जिंजर! लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "नवऱ्याला नाही, बाटलीला होकार दिलास तू." तेव्हा जिंजर कशी लागते ते मला कोणी शिकवू नये.

शामकांत हसून म्हणाले, "जिंजर तीच आहे. तुझ्याच तोंडाची चव बदललीय."

आणि हे नेमकं सासूबाईंनी ऐकलं!

९ फेब्रुवारी

सकाळी भातावर दुप्पट तूप. दुपारी डिंकाचा लाडू. संध्याकाळी, "सुचित्रा, जिना जपून उतर गं." मग हळूच जवळ येऊन, "आंबटचिंबट खावंसं वाटतं का?"

"आई, तसं काही नाही हो. जिंजरच बदललीय."

"हो, हो. सुरुवातीला असंच वाटतं. शामच्या वेळी मला चहा शेणासारखा लागायचा. मीही घरातल्या सगळ्यांशी भांडत होते, चहाच बदललाय म्हणून!"

लग्नाला चार वर्षं झाली. त्यांनी एका शब्दाने कधी दुखवलं नाही मला. पण आज त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघवेना. लाडू मात्र दोन खाल्ले.

१४ फेब्रुवारी

कारखाना मोठा झाला हे खरं. मी या घरात आले तेव्हा मामंजी आणि कामाला येणाऱ्या मुक्ताबाई, दोघंच सगळं करायची. मामंजी तांब्याच्या पातेल्यात आलं उकळायचे, लिंबू-साखर घालायचे, बरणीतलं खमीर घालून झाकून ठेवायचे. मुक्ताबाई बाटल्या धुवायच्या, भरायच्या, बुचं ठोकायच्या. भरलेल्या बाटल्या ओसरीवर साठत जायच्या. टांगाभर झाल्या की बन्सी टांगा जोडून भिंगारला निघायचा. बाटल्यांच्या खणखणाटावरून गल्लीला कळायचं, आमची जिंजर निघाली.

आता मागे पत्र्याची शेड, भरायचं यंत्र, गॅसचं यंत्र आणि दिवाळीपासून टेम्पो! सकाळी भरलेला माल संध्याकाळी दुकानात. टेम्पोवर शामकांतनी लाल अक्षरांत लिहून घेतलंय — "नगरची जिंजर, रोज ताजी!" स्वतः पाच वेळा लांब जाऊन, जवळ येऊन बघितलं. आता म्हणतात, शिर्डी! तिथली हॉटेलं, तिथली गर्दी. स्वप्नात पण टेम्पोच चालवत असतील.

लेबलवर इंग्रजीत "जिंजर बिअर" असं छापलेलं आहे. पण घरात दुसरा शब्द उच्चारायचा नाही हा मामंजींचा नियम. सत्यनारायणाला येणाऱ्या गुरुजींना काय वाटेल! गुरुजी मात्र दर वेळी जाताना चार बाटल्या पिशवीत घालून नेतात.

२९ फेब्रुवारी

बाहेरची झाले. सासूबाईंनी माझं पान वेगळं वाढलं. तूप तेवढंच होतं — दुप्पट. मला रडू आलं.

४ मार्च

भिंगारच्या लष्करी मेसमधला हवालदार सूर्यभान आला होता. पारनेरकडचा माणूस, मामंजींना फार मानतो. मेसला आमची जिंजर मामंजींच्या वडिलांपासून जाते. आज चहाही घेईना. टोपी हातात धरून दारातच उभा.

"काका, वाईट वाटून घेऊ नगा. पर ही ती न्हाई. सायेब लोक म्हनत्यात, हे पोरासोरांचं सरबत हाय. ह्यो महिना बगू म्हनले. न्हाईतर एप्रिलपासनं बंद."

मी स्वयंपाकघरात गेले आणि एकटीच जरा नाचले — सांगत नव्हते मी? सांगत नव्हते? मग ओसरीवर मामंजी तसेच बसलेले दिसले आणि स्वतःची लाज वाटली. मेसची पेटी गेली तर त्यांचं काय राहिलं? बाकी सगळं शामकांतचं आहे, तेवढी एक त्यांची आहे.

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे तू खरंच जिंजरबद्दल बोलत होतीस?"

९ मार्च

घरात दवाखाना झालाय. शामकांत रोज एक नमुना आणतात, मी घोट घेते, मान हलवते.

आधी पाण्यावर संशय. पाऊस कमी झाला, आमची विहीर खाली गेलीय, पाणी जड झालं असेल. म्हणून स्टेशनाकडच्या एका मळ्यातून पाणी आणलं. नाही! मग आल्यावर. व्यापारी बदलला, सातारचं आलं आणलं. नाही! मग साखर. मग म्हणे नवीन पातेलं. चिडून म्हणाले, "तू मान हलवायची थांबशील तेव्हा मी झोपेन." मी म्हटलं, चव आणा, मान आपोआप थांबेल.

भिंगारला भाच्याची मुंज आहे. आजच्या टेम्पोतून तिकडे दोन पेट्या धाडल्या. नाइलाजाने! माहेरी हसं होणार माझं.

१२ मार्च

मुंज पुढे गेली! अण्णांचे कोणी चुलतभाऊ इंदूरला वारले, दहा दिवस सुतक. आमच्यापैकी कोणी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही. मांडव सोडला, आचाऱ्याला परत पाठवलं, जिंजरच्या पेट्या पलंगाखाली सरकवल्या असं दादा सांगत होता. भाचा भोकाड पसरून बसलाय.

१६ मार्च, पाडवा

सासूबाईंनी कडुनिंबाची गोळी हातावर ठेवली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बसल्या.

"कडू लागतं?"

"लागतं की."

"फार?"

"आई, कडुनिंब आहे तो!"

"बरं," म्हणाल्या. जरा हिरमुसल्या.

१९ मार्च

आजचा दिवस वाईट गेला.

मामंजी पहाटे उठले. जुनं तांब्याचं पातेलं माळ्यावरून काढायला लावलं. आलं स्वतः सोललं, ठेचलं, उकळलं. यंत्राला हात लावायचा नाही म्हणाले. मुक्ताबाईंनी पूर्वीसारख्या हाताने बाटल्या भरल्या. घरात तोच जुना वास दरवळत होता, मला तर वाटलं आता झालंच काम. संध्याकाळी आम्ही सगळे ओसरीवर गोल करून बसलो. मामंजींनी स्वतः बूच काढलं. आवाजसुद्धा झाला नाही.

गोड. नुसतं गोड पाणी. यंत्रावरच्या जिंजरपेक्षाही मिळमिळीत.

मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला. पण मामंजींनी बघितलंच. "माझा हात गेला, सुचित्रा," म्हणाले.

मुक्ताबाई म्हणाल्या, "आसं नगा म्हनू मालक, यखांद्या दिवशी व्हतं," आणि पदराने डोळे पुसत पातेलं घासायला घेऊन गेल्या. मामंजी जेवले नाहीत. मी हा विषय काढलाच नसता तर बरं झालं असतं. कशाला एवढी जीभ चालवायची मी?

२४ मार्च

सापडलं!! सापडलं!!!

सुतक संपलं म्हणून भिंगारला भेटायला गेले होते. वहिनी दारातच म्हणाली, "वन्सं, तुमच्या जिंजरने माझी गादी भिजवली." पलंगाखाली तीन बाटल्या आपोआप फुटल्या होत्या! रात्री फट् आवाज झाला तेव्हा अण्णा काठी घेऊन उठले होते म्हणे, चोर आला म्हणून.

दादाने उरलेल्यांतली एक उघडली. बूच आढ्याला लागून खाली अण्णांच्या पानदानात! फेस सगळा धोतरावर. तळाशी राहिली तेवढी मी प्यायले — आणि नाकातून टाळूला! डोळ्यांत पाणी! तीच! लहानपणीची, भांडून प्यायलेली! मी तिथेच जमिनीवर बसून हसायला लागले. वहिनीला वाटलं मला काही झालं.

टांग्यातून परत येताना डोकं नुसतं गरगरत होतं. माल टेम्पोतलाच. पाणी तेच, आलं तेच, यंत्र तेच. मग फरक काय? एवढाच, की सुतकामुळे त्या बाटल्या पडून राहिल्या. आणि एकदम ओसरी डोळ्यांपुढे आली. टांगा भरेपर्यंत बाटल्या तिथे चार-चार, पाच-पाच दिवस बसून असायच्या. कोणी मुद्दाम बसवत नव्हतं. दोघांच्या हाताने टांगाभर माल व्हायला तेवढे दिवस लागायचेच! तेवढ्यात आत खमीर आपलं काम करायचं, साखर खायचं, झणका आणायचं. आम्ही आता खमिराला सकाळी कामाला लावतो आणि संध्याकाळी घराबाहेर काढतो.

मामंजींचा हात गेलेला नाही. आमचा धीर गेलाय.

आल्या आल्या त्यांना सांगितलं. ते उठून ओसरीवर गेले, जिथे बाटल्या असायच्या त्या मोकळ्या जागेकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "वाढ गं मला. भूक लागलीय."

२५ मार्च

शामकांत रुसलेत. "म्हणजे टेम्पो घेऊन मी चूक केली म्हण ना सरळ!" तसं मी म्हटलेलं नाही. पण टेम्पोवर 'रोज ताजी' लिहिलंय आणि माल तर शिळा करून विकायचा म्हणतेय बायको! त्यांच्या जागी मीही रुसले असते. रात्रंदिवस राबून त्यांनी ती शेड उभी केली. जेवताना सासूबाईच आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "लोणचं घातल्या दिवशी वाढतं का कोणी? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण या घरात मला लोणच्यापलीकडे कोणी काही विचारतच नाही."

मामंजींना ठसका लागला. हसण्याचा होता.

३१ मार्च

परीक्षा झाली. शामकांतनी माझे डोळे पंच्याने बांधले, स्वतःच्या हाताने गाठ मारली, आणि पेले पुढे केले. काहींत आजची, काहींत पंचवीस तारखेला शेडमध्ये झाकून ठेवलेली. कोणतं काय ते मी घोटागणिक सांगत गेले. एकही चुकले नाही! पंचा सोडला तेव्हा समोर सासूबाई, मुक्ताबाई, बन्सी, सगळे दाटीवाटीने उभे. बन्सी म्हणाला, "वैनी लई पक्क्या हायत्या."

मग शामकांतनी ठेवणीतली बाटली घेतली आणि बराच मोठा घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. झणक्याने आलं की कशाने, मी विचारलं नाही.

"पेंटरला बोलवावं लागेल," म्हणाले.

६ एप्रिल

सूर्यभान आज पायरीवर बसून दोन बाटल्या प्यायला. "काका, आता कसं! नाकात गेली बगा." मेसची पेटी चालू राहणार. मामंजींनी त्याला जबरदस्तीने चहाही पाजला, दोन जिंजरवर!

गॅसचं यंत्र आता फक्त साध्या सोड्याच्या बाटल्यांना. जिंजर भरली की ओसरीवर आणि शेडमध्ये बसणार, तिचे दिवस भरले की मगच टेम्पोत. शिर्डी पावसाळ्यानंतर. शामकांतनी हे स्वतः ठरवलं, मी तोंड उघडलं नव्हतं.

पेंटर येऊन 'रोज ताजी' पुसून बसला, पण जागा रिकामी! काय लिहायचं? 'मुरलेली' लिहिलं तर लोक लोणचं समजतील. 'शिळी' तर नाहीच. शेवटी बन्सी म्हणाला, "टांग्यातली जिंजर लिवा." टेम्पोवर टांगा! सगळे पोट धरून हसलो. आणि तेच लिहिलं.

रात्री सासूबाई जवळ येऊन बसल्या. "तू चवीचं खरं सांगत होतीस आणि मी भलतंच धरून बसले. इतकी आशा लावून घेतली... तुला वाईट वाटलं असेल."

मी म्हटलं, वाटलं. खोटं कशाला बोलू?

"आता तू चव बदलली म्हणालीस तर मी आधी बाटली बघेन. दुसरं काही बोलणार नाही. शब्द देते."

१९ एप्रिल

संध्याकाळी ओसरीवरची मुरलेली बाटली उघडली. मामंजींनी डोळे मिटून घोट घेतला. शामकांतनी चुटकी वाजवली, "अगदी तीच!" मी पेला तोंडाला लावला. ओल्या फडक्यासारखी लागली. कशीबशी न्हाणीघरापर्यंत पोचले.

बाहेर आले तर सासूबाई दारात उभ्या. हातात लिंबाच्या लोणच्याची फोड.

"गेल्या महिन्यात बाहेर बसली नाहीस तू. बघत होते मी. पण शब्द दिला होता ना!"

मला वाटलं होतं, धावपळीने लांबलं असेल.

जिंजर बरोबर आहे. सगळे तसंच म्हणतात.