एकाच वाफ्यातले सलगम

मेलूर, १९ जुलै १९७४

चि. आस्ब्रांडुर यास,

अ. उ. आ. शाळेला सुट्टी लागली म्हणून काल आईकडे आले. तिची तब्येत उत्तम आहे, पण मी आज एक भलतंच करून बसले आहे.

पिवळ्या सलगमाला लाड लागत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. पेरावा, विरळावा, थंडीवारा तो सोसतो. जपायचं असतं ते बियाणं. त्यासाठीच आपले बाबा आणि शेजारचे तोर्फी यांनी ठरवलं होतं, की एका वर्षी आपले कंद फुलोऱ्याला ठेवायचे, दुसऱ्या वर्षी त्यांचे. दोन घरांचं बी मिसळायला नको. बाबा गेल्यावरही आईनं ते पाळलं. एकदा तोर्फींचा एकच दांडा चुकून फुलला, तर कुंपणावरून तिनं त्यांना केवढं झापलं होतं.

आणि आज आपल्याच भिंतीशी, एकाच वाफ्यात, आपले कंद आणि त्यांचे जांभळ्या माथ्याचे कंद शेजारी शेजारी फुललेले! विचारलं तर आई म्हणाली, "मीच लावलेत. आधी कॉफी घे."

मला वाटलं, एकट्या बाईला त्या माणसानं गुंडाळलं. ती दुकानात गेली तेव्हा मी तोर्फींचे सगळे दांडे कापून टाकले. एरवी मी न विचारता पानही तोडत नाही. चुकलं का माझं? लगेच लिही.

तुझी ताई,
इंगवेल्डुर

रेक्याविक, २४ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. आई जूनमध्ये इथे आली होती, तेव्हाच तिनं सांगितलं. सप्टेंबरात ती तोर्फींशी लग्न करते आहे. तुला समोर बसवून सांगेन म्हणाली, म्हणून मी गप्प राहिलो.

मीही हादरलो होतो. एकाहत्तराव्या वर्षी! लोक काय म्हणतील असं विचारलं, तर म्हणाली, "लोकांना केक देईन." आता तूच निस्तर. माझ्यावरचा लोभ मात्र कमी करू नकोस, मी काही कापलेलं नाही.

तुझा,
आस्ब्रांडुर

मेलूर, २० ऑगस्ट

चि. इंगवेल्डुर हिस,

अ. उ. आ. भावाचं पत्र वाचून तू पहिल्या बसनं निघून गेलीस. कॉफीनंतर सांगणार होते, पण तू कॉफीच घेतली नाहीस. आणि खरं सांगू, नंतरही मला सांगायचा धीर झाला नाही.

तोर्फींनी कापलेले दांडे पाहिले आणि म्हणाले, "पोरगी आईवर गेलीय." बाकी काही नाही.

बाबांचा शब्द मी मोडला, असं तुला वाटत असेल. मलाही वाटलं. वसंतात तोर्फींचे कंद मी एकदा पुरून पुन्हा उकरून काढले होते. दुसऱ्या दिवशी परत पुरले.

दांडे कापलेस, पण माशा तुझ्याआधीच त्यांचे पराग आपल्या फुलांवर ठेवून गेल्या होत्या. आपल्या शेंगा टच्च भरल्यात. त्यात कुणाचं किती, मला सांगता येणार नाही. तुझ्यासाठी मूठभर बी वेगळं ठेवलं आहे. लग्नाला आलीस तर हातात देईन, नाही आलीस तर टपालानं पाठवीन.

तुझी,
आई