शेपूट हलतंय तोवर

मी, आम्रपाली कोंडीराम ओव्हाळ, वय बावन्न, अविवाहित, राहणार दापोडी, चाकणच्या एका कंपनीत तपासनीस, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. धाकटा भाऊ विक्की याचं मत वेगळं आहे. ते विचारात घेऊ नये.

१. दापोडीचं घर विक्की आणि त्याची बायको श्रद्धा यांना समान. बाल्कनी मात्र श्रद्धाची. तिथे विक्कीने सिगारेट ओढू नये.

२. बँकेतली शिल्लक आणि पीएफ भाची योगिनीला. शिकायला, लग्नात उडवायला नव्हे.

३. आमचा कुत्रा रावसाहेब याचा पट्टा विक्कीला. कारण असं : गेल्या वर्षी रावसाहेबाची किडनी गेली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तीनच प्रश्न विचारले. "खातो का? ओळखतो का? शेपूट हलतं का?" तिन्हींचं उत्तर 'नाही' असंच होतं. विक्की रडत म्हणाला, "ताई, सोडव गं त्याला. मुक्या जिवाचे किती हाल करायचे?" बाईंनी इंजेक्शन दिलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रावसाहेब गेला.

पुढे आई आजारी पडली. डॉक्टरांनी हात टेकले. आई नाकातली नळी उपसायची, "घरी न्या मला" म्हणायची. हाच विक्की म्हणाला, "काहीही करा डॉक्टर, पण मशीन लावा. लोक काय म्हणतील?" आईचे हात पलंगाला बांधले. ती मशीनवरच गेली. रावसाहेब मुका होता म्हणून सुटला. आई बोलत होती म्हणून बांधली गेली.

४. म्हणून माझ्या शेवटच्या आजारात निर्णय श्रद्धाचा. भेटीच्या वेळी आईचे हात तिनेच सोडले होते, नर्सची बोलणी खाऊन. इंजेक्शन मी मागत नाही. ती सवलत कायद्याने जनावरांपुरती ठेवली आहे. पण डॉक्टरांनीच आशा सोडली, तर मला मशीनला जुंपू नये, घरी आणावं. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, तेव्हा या सूचनेचं लोणचं घालायचं का? म्हणून वेगळं वैद्यकीय इच्छापत्र नोटरी करून श्रद्धाकडे दिलं आहे.

५. तेच तीन प्रश्न मलाही विचारावेत. मला शेपूट नाही. त्याऐवजी विक्कीने कानाशी येऊन म्हणावं, "ताई, चहा मी केलाय." मी टोमणा मारला, तर उपचार चालू ठेवावेत.

हे वाचून विक्की म्हणाला, "ताई, तू काय कुत्रं आहेस का?"

"तेवढं माझं नशीब कुठलं रे?"

वाटेकरी असल्यामुळे त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून डोळे पुसत आत गेला आणि सगळ्यांसाठी चहा करून आणला.

चहा पाणचट आहे. तशी नोंद करते.

दापोडी, ८ डिसेंबर २०२४
सही : आम्रपाली कोंडीराम ओव्हाळ

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. चहाबाबतही आम्ही सहमत आहोत.
साक्षीदार : धम्मरत्न जगताप, शेजारी
साक्षीदार : इंदुताई भालेकर, शेजारीण